शंभरात किती चुकल्या

कावासाकीच्या ज्या गल्लीत मी राहतो तिथं पहिली काही वर्षं माझं कुणाशी भांडणसुद्धा झालं नव्हतं, यावरून तिथल्या एकटेपणाची कल्पना यावी. पुण्यात असतो तर तेवढ्या काळात पार्किंगवरून दोघांशी, पाण्यावरून तिघांशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी कायमचं वाजलं असतं. इथं सगळे वाकून नमस्कार करतात आणि आपापली दारं लावून घेतात. बायको आणि मुलगी होत्या तोवर ते जाणवलं नाही. मग सासूबाई आजारी पडल्या, मुलीचं कॉलेज आलं, दोघी पुण्याला गेल्या आणि मी दोन वर्षांत मागोमाग येतो असं ठरलं. त्या दोन वर्षांची आता सहा झाली आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. मी बरा आहे, जेवतो आहे, थंडी आहे किंवा नाही, एवढं सांगून होतं. मुलगी लहानपणी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर द्यायची म्हणून मी तिच्यावर चिडायचो. आता ती मराठीत उत्तर देते, पण दोनच शब्दांत.

तर भांडण. ते झालं प्रेशर कुकरवरून.

कुकरचं बूड गेलं होतं. धातूच्या कचऱ्याचा दिवस महिन्यातून दोनदा असतो, त्या दिवशी मी तो कोपऱ्यावर नेऊन ठेवला आणि ऑफिसला निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या घरातले पंचाहत्तरीचे गृहस्थ माझा कुकर दोन्ही हातांनी धरून उभे. त्या आठवड्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती. झाकणातली रबराची रिंग काढलेली नाही, ते म्हणाले. आणि लांबी जास्त आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोडक्यातोडक्या जपानीत मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि दांड्यासकट कुकर मोजला. साडेएकतीस सेंटिमीटर. तीसच्या वर गेलं की तो मोठा कचरा होतो आणि त्याची नोंदणी वेगळी. मग दुसऱ्या खिशातून त्यांनी पेचकस काढला, माझ्या उंबऱ्यात बसून दांडा सोडवला, पुन्हा मोजलं आणि ‘आता चालेल’ म्हणाले.

मी त्या पट्टीकडे बघत होतो. कडा झिजून गोल झाल्या होत्या, पण खुणा एकूणएक स्वच्छ. मी विचारलं, तर म्हणाले, चाळीस वर्षं लेथवर काम केलं, ही तेव्हापासूनची. मी म्हटलं, माझं कामही मोजायचंच आहे. म्हणजे मी वस्तू मोजत नाही. वस्तू मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात का, ते मोजतो. त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. शनिवारी सकाळी मोकळे असता का, असं विचारलं. मी सगळ्याच शनिवारी मोकळा असायचो.

तोंडावर मी त्यांना आडनावापुढे सान लावून हाक मारायचो. मनात मात्र काका. इथंही काकाच म्हणतो.

काका तीनशे मीटरवर नेम मारायचे. तरुणपणापासून. शिकार त्यांनी कधी केली नाही. डोंगरातल्या एका रेंजवर जायचं, पोटावर झोपायचं आणि कागदाला भोकं पाडायची, एवढाच त्यांचा नाद. जपानमध्ये रायफल बाळगणं म्हणजे पोलिसांशी संसार करण्यासारखं आहे. घरात भिंतीला ठोकलेलं एक लोखंडी कपाट रायफलीचं, दुसरं काडतुसांचं. दर वर्षी रायफल घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, दर तीन वर्षांनी परवाना नवा करायचा, आणि परवानेवाल्याखेरीज कुणी तिला हात लावायचा नाही. मी ती कधी धरलेली नाही. काडतुसं ते स्वतः भरायचे, त्याचीही परवानगी वेगळी. बारूद मोजायचं काम ते गुरुवारी मागच्या खोलीत एकटेच करत. त्या खोलीत मी पाऊलही टाकलेलं नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या काडतुसांच्या रिकाम्या, धुतलेल्या, निरुपद्रवी पितळी पुंगळ्या.

एका कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या शंभर पुंगळ्या बघितल्या तर तुम्हाला त्या सारख्याच वाटतील. मलाही वाटल्या. काकांनी मला एकेक तोलून दाखवली. अकरा ग्रॅमच्या आसपास सगळ्या, पण एक थोडी वर, एक थोडी खाली. बाहेरून माप तेच, म्हणजे जी जड तिची भिंत जाड. भिंत जाड म्हणजे आत जागा कमी. जागा कमी म्हणजे दाब वेगळा, आणि मग तीनशे मीटरवर गोळी बोटभर वर किंवा खाली. शिवाय बार उडाला की दर वेळी पितळ ताणतं, पुंगळीचा गळा लांबतो, तो कापावा लागतो आणि वजन पुन्हा बदलतं. म्हणून दर वेळी नव्यानं निवड करायची. तांदूळ निवडावेत तशी, पण तराजू घेऊन.

निवडीचे तीन डबे होते, भाताच्या कुरकुरीत बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे. त्यांवर मात्सु, ताके, उमे अशी अक्षरं. पाइन, बांबू आणि आलुबुखार. इथल्या हॉटेलांत जेवणाचे तीन दर्जे याच नावांनी असतात, म्हणजे तिसऱ्या दर्जाचं घेतलं तरी कुणाला खाली बघावं लागत नाही. सरासरीच्या अगदी जवळच्या पुंगळ्या मात्सुत, त्या सामन्यासाठी. थोड्या इकडेतिकडे असतील त्या ताकेत, सरावासाठी. उरलेल्या उमेत.

काकांनी आठवडाभरात शंभर पुंगळ्या आपल्या जुन्या काट्यावर तोलून डब्यांत टाकायच्या. शनिवारी मी त्या डिजिटल काट्यावर परत तोलायच्या आणि शंभरात किती चुकीच्या डब्यात गेल्या ते सांगायचं. तो आकडा ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. पहिली तीन वर्षं तो आकडा शून्य असायचा. क्वचित एक. एक आला की ते ती पुंगळी उजेडात धरून तिच्याकडे असं बघत, की चूक तिची आहे.

आम्ही फारसं बोलत नव्हतो. दोघांच्याही माना खाली. काट्याजवळ जोरात श्वास सोडला तरी शेवटचा आकडा हलतो, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. अकरा वाजता मी शंभरावी पुंगळी ठेवायचो, आकडा सांगायचो, ते लिहायचे, वाकायचे, मी वाकायचो. दीड तास. मग घरी येऊन मी वरणभात लावायचो. हे काय सुख आहे, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनमधून उतरताना मला उद्याचं काहीतरी असायचं. बाकी सहा दिवसांचं मला काहीही नसायचं.

कधीकधी मधल्या आठवड्यात काका रेंजवर गेलेलेच नसत, तरी शंभर पुंगळ्या निवडून तयार. मी जरा चौकस स्वभावाचा असल्यामुळे एकदा बुडावरच्या ओरखड्यांवरून पाहिलं, तर त्या गेल्याच शनिवारच्या पुंगळ्या होत्या. डब्यांतल्या न वापरलेल्या पुंगळ्या एकत्र ओतून त्यांनी परत निवडल्या होत्या. म्हातारपणीचा चाळा, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. मला आता स्वतःचीच लाज वाटते ती इथं. नोकरीत नवीन पोरं आली की मी त्यांना पहिल्या दिवशी काय शिकवतो? की तीच वस्तू त्याच माणसाला पुन्हा मोजायला दिली, तर आपण वस्तू तपासत नसतो, माणूस तपासत असतो. वीस वर्षं मी हे वाक्य पगार घेऊन बोलतो आहे.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आकडा तीन आला. मी तीन सांगितला. काकांनी लिहिला आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. पुढच्या आठवड्यात चष्मा बदलून आले. त्या शनिवारी चार होत्या. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ते कधी असं बघत नसत. मला ते सहन झालं नाही, आणि मी शून्य म्हणालो.

खरं तर त्यात मला काही मोठं वाटलंही नाही. चार पुंगळ्या मी तोलता तोलताच त्यांच्या योग्य डब्यात सरकवल्या होत्या. माल बरोबर झाला ना, मग म्हाताऱ्या माणसाला कशाला हिणवायचं? आमच्याकडे घराघरात हेच चालतं. आजोबांनी पेपरातलं कोडं चुकीचं भरलं तर सून गुपचूप खोडते. वडील माणसाची चूक झाकणं याला आपण संस्कार म्हणतो. काकांचा चेहरा सैल झाला, त्यांनी गोल शून्य काढलं, आणि मला उगाच पुण्य केल्यासारखं वाटलं.

मग दर शनिवारी शून्य. आणि खरे आकडे वाढत गेले. सहा. पाच. आठ. आता त्या काठावरच्या चुका राहिल्या नव्हत्या, की एखादा सूक्ष्म आकडा वाचायला चुकला. मात्सुत सरळ उमेतल्या पुंगळ्या. एकदा तर दुसऱ्याच कारखान्याची, वेगळ्या छापाची पुंगळी, जी आंधळ्यालाही बोटानं कळली असती. काकांचा काटा बरोबर होता, मी एकदा हळूच तपासून पाहिला. चष्माही बरोबर होता. तोलून झाल्यावर डब्यापर्यंत हात जाईतो, आपण काय वाचलं ते त्यांना आठवत नव्हतं.

मला कळत होतं. वेड पांघरलं म्हणतात तसं मी पांघरलं. माझी बोटं पत्ते पिसणाऱ्याच्या सफाईनं पुंगळ्या या डब्यातून त्या डब्यात घालायला शिकली होती. फक्त एक सवय जाईना. खरा आकडा मी घरी आल्यावर फोनमध्ये टिपून ठेवायचो. का, ते माहीत नाही. आकडा बघून तो न लिहिणं माझ्यानं होत नाही, एवढंच.

या वर्षी परवाना नवा करायचा होता. पंचाहत्तरीपुढच्यांना त्यासाठी स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. मी मनातून तिच्यावर भिस्त ठेवली होती. चाचणीत कळेल, परवाना जाईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. काका चाचणी पास झाले. घड्याळ काढायचं, चित्रं आठवायची, वार सांगायचा, असं सगळं त्यांनी आधी घरी घोटून ठेवलं होतं. मग रिवाजाप्रमाणे एक तरुण पोलीस शेजारपाजारी चौकशी करत माझ्याकडे आला. आरडाओरडा करतात का, पितात का, कुणाशी वैर आहे का. त्यानं जे विचारलं त्याची सगळी उत्तरं मी खरी दिली. त्यानं पुंगळ्यांबद्दल काही विचारलं नाही.

आणि ऑक्टोबरात त्यांची मुलगी आली.

ती सेंदाईला असते, पन्नाशीची, शाळेत शिकवते. पोलिसांचा तिलाही फोन गेला होता आणि तिला काळजी लागली होती. त्या शनिवारी मी गेलो तर ती टेबलाशी बसलेली, काका कॅलेंडर भिंतीवरून काढून तिच्यासमोर पसरत होते. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. ते तिला सांगत होते, की तुझ्या आईला विसरायचा आजार झाला तेव्हाच मी ठरवलं होतं. आपण विसरतो आहोत हे विसरणाऱ्याला कळत नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी मोजायचं. शंभरात पाचच्या वर गेल्या, की त्याच आठवड्यात रायफल परत करायची. हे बघ. वर्षभर शून्य.

मी दारातच बूट काढत होतो. एक बूट हातात, एक पायात.

मग ते माझ्याकडे वळून मुलीला म्हणाले, “हे मोजतात. यांचा धंदाच तो आहे. आणि यांना माझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नाही.”

मुलगी उठून उभी राहिली. फार अदबीनं, माझं जपानी कच्चं असेल म्हणून सावकाश, तिनं मला विचारलं की हे खरं आहे का. मी हो म्हणालो. ती इतकी खाली वाकली की तिचे केस टेबलाला टेकले. बाबांना तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे, ती म्हणाली, आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

तो आठवडा माझा कसा गेला ते मी बायकोला सांगितलं नाही. रविवारी कॉलवर बरा आहे म्हणालो. रोज ट्रेनमध्ये उभा असताना एकच गोष्ट डोक्यात यायची. मी फक्त पितळ तपासत होतो. पितळ चुकलं तर गोळी बोटभर सरकते, काही बिघडत नाही. पण तोच माणूस गुरुवारी मागच्या खोलीत दार लावून बारूद मोजतो. तिथं त्याचा हात मध्येच विसरला तर डबे बदलायला मी नाही. बारूद जास्त पडून रायफल फुटली असती तर त्यांच्या गालाशी फुटली असती. इतके शनिवार मी शून्य शून्य म्हणत त्यांना त्या खोलीत पाठवत होतो, आणि वर त्याला संस्कार म्हणत होतो. मूर्खपणाला एवढं चांगलं नाव दुसरं नाही.

पुढच्या शनिवारी काका खुशीत होते. परवान्याचे शेवटचे कागद भरून झाले होते, सोमवारी द्यायचे होते. मी बसलो, काटा शून्यावर आणला, एकेक पुंगळी तोलली. या वेळी एकही सरकवली नाही. चुकीच्या होत्या त्या टेबलावर रांगेत उभ्या केल्या. काका पेन घेऊन कॅलेंडरपाशी होते, त्यांची माझ्याकडे पाठ होती. शून्य ना, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “चौदा.”

त्यांनी वळून रांगेकडे पाहिलं. बोटानं मोजली. आज माझी झोप नीट झाली नव्हती, असं काहीसं पुटपुटले. ती पळवाट मी त्यांना दिली असती तर त्यांनी घेतली असती, आणि खरं सांगतो, द्यावीशी वाटली. पण मी फोन काढला आणि आधीचीही शून्यं खरी नव्हती असं सांगितलं.

काकांनी गेल्या वर्षीचं कॅलेंडर कपाटातून आणलं, दोन्ही टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला. सांगा, म्हणाले. मी तारखा आणि आकडे वाचत गेलो. ते प्रत्येक शून्याच्या शेजारी खरा आकडा लिहीत गेले. शून्य खोडलं एकही नाही. लेथवर काम केलेल्या माणसाचं अक्षर, सगळे आकडे एका उंचीचे. चार. तीन. पाच. सहा, या सहाला त्यांचं पेन थांबलं. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला शनिवार होता तो.

“इथं,” ते म्हणाले. “मी इथं थांबायचं होतं.”

उरलेले आकडेही त्यांनी लिहून घेतले. मग पेनला टोपण लावलं आणि का, असं विचारलं. रागावून नाही. एखादा माप चुकलेला भाग परत आल्यावर विचारतात तसं, कुठल्या मशीनवर झालं, या सुरात.

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं. पुंगळ्या माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या. माझ्या जपानीत आडवळणानं बोलता येत नाही, तेवढी ती भाषा मला येत नाही, म्हणून जे होतं ते तसंच बाहेर आलं.

“रायफल गेली तर शनिवार जातील. मला शनिवारी दुसरीकडे कुठं जायचं नसतं.”

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचा प्रचंड संताप आला, बावन्न वर्षांचा घोडा, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. काकांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो, आला असता तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, “मग तसं सांगायचं. मी रायफल दिली असती आणि तुम्हाला चहाला बोलावलं असतं.”

आणि उठून त्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला.

रायफल त्याच आठवड्यात गेली. उरलेली काडतुसं, बारूद, सगळं रीतसर गेलं. लोखंडी कपाटं भिंतीतून काढली, त्या जागी फिकट चौकोन राहिले. त्यात एकदा काकांच्या शेगडीवर किटली आटून जळाली, तेव्हा मुलीनं आता एकटं ठेवणं नको म्हणून त्यांना सेंदाईला न्यायचं ठरवलं. सामान आवरायला वेळ लागला. मध्ये नऊ शनिवार मिळाले.

ते नऊही शनिवार मी चहाला गेलो. टेबलावर काटा नव्हता, त्यामुळे श्वास जपून घ्यायची गरज नव्हती, आणि काका बोलायला लागले. इतकी वर्षं मी ज्यांना अबोल समजत होतो ते गप्पांचे शौकीन निघाले. कारखान्यातला त्यांचा साहेब, जो दुपारी जिन्याखाली झोपायचा. बायकोला तिच्या आजारपणात ते कारखान्यातलेच नवीन इंजिनियर वाटायचे आणि ती त्यांना फार आदरानं वागवायची, हे सांगताना ते खूप हसले. मीही बोललो. माझ्या मुलीचे दोन शब्द, बायकोला सांगायचं राहून जातं ते, सगळं. मी आधीच खरं बोललो असतो तर असे साठएक शनिवार मिळाले असते, आणि त्या वेळी काकांना बरंच काही आठवत होतं. ते सगळे मी काट्याकडे बघत, चोरासारखी बोटं चालवत घालवले.

पाचव्या-सहाव्या शनिवारपासून गोष्टी परत येऊ लागल्या, जिन्याखालचा साहेब पुन्हा झोपला. मी तेवढाच हसलो. नवव्या शनिवारी घरात खोकीच खोकी होती. त्यांची मुलगी आत वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. काकांनी दोन्ही हातांनी मला चहा दिला, कुणी नवीन पाहुणा आल्यासारखी अदब होती त्यात, आणि विचारलं की तुम्ही कुठले.

पुण्याचा, मी म्हणालो.

ते कुठं आलं, त्यांनी विचारलं. मी चहा खाली ठेवला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.